काठावरच्या खेळाडूचा खटला

संघ जाहीर झाला की भांडणे पहिल्या पाच नावांवर होत नाहीत. ती होतात अकराव्या, तेराव्या, पंधराव्या नावावर. जो संघात आहेही आणि नाहीही, ज्याला एका सामन्यात पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावावे लागते आणि पुढच्या सामन्यात अचानक पॅड बांधावे लागतात, त्याच्यावर चाहते तासन्‌तास वाद घालतात. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांवरून होणारा वाद असो की नगरच्या वाडिया पार्कबाहेर क्रिकेटवरून रंगलेला, प्रश्न दोनच असतात. याची खरी जागा कोणती? आणि गडी फिट आहे का?

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाट्याला या दोन्ही प्रश्नांची एकेक ठसठशीत उदाहरणे आली आहेत. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे जागेच्या वादात अडकला आणि श्रीरामपूरचा झहीर खान फिटनेसच्या. (दोघांपैकी एकही महाराष्ट्राकडून रणजी खेळला नाही. एक डोंबिवलीत वाढून मुंबईचा झाला, दुसरा आधी बडोद्याचा आणि मग मुंबईचा. जिल्ह्याचा हक्क जन्मापुरता आहे, तरी अभिमान कमी नाही.) या दोघांवर झालेली चर्चा तपासली तर एक गोष्ट लक्षात येते. जागा आणि फिटनेस हे खेळाडूच्या अंगचे, उंचीसारखे किंवा डावखुरेपणासारखे कायमचे गुण आहेत, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतच उथळ आहे. खेळाडूची जागा ठरते ती संघात आणखी कोण आहे यावरून, आणि फिटनेस ठरतो तो त्याच्याकडून कोणते काम किती काळ करून घ्यायचे आहे यावरून. या दोन्ही गोष्टी ठरवणारे लोक वेगळे असतात, पण निकाल लागतो खेळाडूवर, आणि तोही फक्त काठावरच्या.

पहिला मुद्दा: ‘खरी जागा’ मोकळी झाल्याशिवाय दिसत नाही

रहाणेची कसोटी कारकीर्द ८५ सामने, ५,०७७ धावा आणि १२ शतकांची. यातली काही शतके कोणत्या क्रमांकावर आली ते पाहू. पहिले, वेलिंग्टनचे ११८, फेब्रुवारी २०१४ मध्ये सातव्या क्रमांकावर आले, कारण आदल्या संध्याकाळी इशांत शर्माला रात्रीचा पहारेकरी म्हणून वर पाठवले होते. त्याच वर्षी जुलैत लॉर्ड्सवर १०३ धावा पाचव्या क्रमांकावर. ऑगस्ट २०१५ मध्ये कोलंबोच्या पी. सारा मैदानावर १२६ तिसऱ्या क्रमांकावर. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ चौथ्या क्रमांकावर, कारण एरवी त्या क्रमांकावर खेळणारा कोहली मायदेशी परतला होता. त्याआधी, २००७ मध्ये मुंबईकडून कराचीत प्रथम श्रेणीत पदार्पण करताना त्याने शतक ठोकले होते ते सलामीला येऊन. यातून त्याची ‘खरी जागा’ शोधून दाखवा म्हटले तर प्रामाणिक माणसाला पाच उत्तरे द्यावी लागतील.

एकदिवसीय सामन्यांत चित्र उलटे दिसते, आणि म्हणूनच ते जास्त बोलके आहे. तिथे त्याची तीनच शतके: सप्टेंबर २०१४ मध्ये बर्मिंगहॅमला १०६, नोव्हेंबर २०१४ मध्ये कटकला १११, जून २०१७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला १०३. तिन्ही सलामीची. चाहता इथे टाळी मागतो: बघा, सलामी हीच त्याची जागा! पण या तिन्ही सामन्यांत रोहित शर्मा संघात नव्हता. इंग्लंडमध्ये तो जखमी झाला होता, कटकच्या वेळी दुखापतीतून सावरत होता, वेस्ट इंडीज दौऱ्यात त्याला विश्रांती दिली होती. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध रहाणेने लागोपाठ चार अर्धशतके केली, तीही शिखर धवन नव्हता म्हणून मिळालेल्या जागेवर. धवन परतला, रहाणे बाहेर बसला. म्हणजे जागा होती, रहाणे तिथे धावाही काढत होता, पण त्या घराला आधीच दोन मालक होते. अशा वेळी ‘त्याची खरी जागा सलामी’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते. मग त्याला चौथ्या क्रमांकावर ढकलायचे, तिथे तो अडखळला की ‘जमत नाही’ म्हणायचे, असा क्रम सुरू झाला.

चौथा क्रमांक हे वेगळेच काम आहे, हेही नीट समजून घेतले पाहिजे. एकदिवसीय डावाच्या पहिल्या दहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात आणि दोन्ही टोकांनी नवा, टणक चेंडू येतो. मनगटाच्या टायमिंगवर खेळणाऱ्या, फटका ताकदीने नव्हे तर चेंडूच्या वेगाने मारणाऱ्या फलंदाजाला हे वातावरण मानवते. विसाव्या षटकानंतर चेंडू मऊ होतो, फिरकी येते, क्षेत्ररक्षण पसरते. तिथे एकेरी-दुहेरी धावा चोरणे किंवा सरळ उचलून मारणे एवढेच पर्याय उरतात. २०१५ च्या बांगलादेश दौऱ्यात रहाणेला वगळताना कर्णधार धोनीने दिलेले कारण याच स्वरूपाचे होते: संथ खेळपट्टीवर, चौथ्या-पाचव्या क्रमांकावर त्याला धावफलक हलता ठेवणे जड जाते. धोनीच्या या म्हणण्यात तीन अटी आहेत: खेळपट्टी, क्रमांक, डावाची वेळ. चाहत्यांपर्यंत पोहोचेपर्यंत तिन्ही अटी गळून पडल्या आणि ‘रहाणे वन-डेचा खेळाडू नाही’ एवढेच उरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विश्वचषकात, त्याच चौथ्या क्रमांकावर, पण मेलबर्नच्या वेगवान खेळपट्टीवर त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६० चेंडूंत ७९ धावा केल्या होत्या, हे कुणी आठवायला तयार नव्हते.

रहाणेचे सोडा. ज्यांची जागा आज आपल्याला उपजत वाटते, त्यांचे काय? सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात पहिल्यांदा सलामीला गेला तो २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला, नवज्योत सिद्धूची मान आखडली म्हणून. त्या दिवशी ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. पहिले शतक मात्र त्यानंतर, कारकिर्दीच्या ७९ व्या सामन्यात आले. सिद्धूची मान ठीक असती तर जगातला सर्वांत यशस्वी सलामीवीर आणखी किती काळ मधल्या फळीत खेळला असता? वीरेंद्र सेहवागने पहिले कसोटी शतक २००१ मध्ये ब्लोमफाँटेनला सहाव्या क्रमांकावर केले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये तो सलामीला गेला. रोहित शर्मा २०१३ पर्यंत मधल्या फळीत चाचपडत होता. कसोटीत तर त्याला सलामीला पाठवायला ऑक्टोबर २०१९ उजाडला, आणि विशाखापट्टणमला त्याने दोन्ही डावांत शतके काढली. या तिघांची ‘खरी जागा’ नंतर सापडली असे आपण म्हणतो. माझ्या मते ती सापडली नाही, तयार झाली. कुणीतरी बाजूला झाले, कुणीतरी विश्वास टाकला, आणि पुढे पुरेसे डाव मिळाले.

फुटबॉलमध्ये हे अधिकच उघड दिसते. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीचा कर्णधार फिलिप लाम पहिले चार सामने मध्यरक्षक म्हणून खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपासून उजव्या बगलेचा बचावपटू झाला. जर्मनीत यावर रण माजले होते. पण बदलाचे कारण लामच्या पायांत नव्हते. त्या बगलेला खेळणारा मुस्ताफी जखमी झाला होता, आणि मधल्या भागात श्वाइनश्टायगर व खेदिरा यांचा दम परतला होता. जर्मनीने तो चषक जिंकला. लाम कर्णधार होता, म्हणून त्याला दोन्हीकडे खेळवले गेले. तो काठावरचा असता तर दोन्ही जागांवरून गेला असता.

दुसरा मुद्दा: लवचीकपणाची शिक्षा

यावर नेहमीचे उत्तर असे की खरा खेळाडू कुठेही खेळतो. राहुल द्रविडने २००३ च्या विश्वचषकात यष्टीरक्षणही केले. बरोबर आहे. पण द्रविडचे संघातले स्थान पक्के होते. त्याला नवे काम दिले तेव्हा जुने काढून घेतले नव्हते. काठावरच्या खेळाडूचे गणित उलट चालते. तो जितक्या जागी खेळून दाखवतो तितकी त्याची स्वतःची अशी एकही जागा उरत नाही. कोलंबोला तिसऱ्या क्रमांकावर शतक केल्यावर रहाणेला तिसरा क्रमांक मिळाला नाही. तो प्रयोग रोहितला पाचव्या क्रमांकावर बसवण्यासाठी होता. ‘हा कुठेही चालेल’ या प्रशंसेचा व्यवहारातला अर्थ ‘याला उरलेली जागा द्या’ असा होतो. रहाणेची एकच जागा अशी होती की जिच्यावर कधी वाद झाला नाही: यष्टीमागची फळी. त्याच २०१५ च्या श्रीलंका दौऱ्यात गॉलला त्याने एका कसोटीत आठ झेल घेतले; यष्टीरक्षक सोडून इतरांसाठी तो विश्वविक्रम ठरला. झेलांवरून कुणी संघात येत नाही, ही गोष्ट वेगळी.

निवडीची तत्त्वेही अशा खेळाडूसाठी सोयीप्रमाणे फिरतात. डिसेंबर २०१६ मध्ये रहाणे बोटाच्या दुखापतीने बाहेर असताना करुण नायरने चेन्नईत नाबाद ३०३ धावा केल्या. पुढच्याच कसोटीत, फेब्रुवारी २०१७ मध्ये हैदराबादला, रहाणे परतला आणि त्रिशतकवीर बाहेर गेला. तर्क असा होता की एका डावाने दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही. संगमनेरकरांना तो पटला असणार. मग जानेवारी २०१८ मध्ये केपटाऊनला हाच रहाणे ‘सध्याचा फॉर्म’ या कारणाने वगळला गेला आणि रोहित आत आला. आधी मेहनतीचा साठा महत्त्वाचा, वर्षाच्या आत ताजा फॉर्म महत्त्वाचा. मी इथे रहाणेची बाजू घेत नाही. पहिल्या निर्णयात नायरवर जो अन्याय झाला तो दुसऱ्यातल्या रहाणेवरच्या अन्यायापेक्षा मोठा होता, असेच माझे मत आहे. सांगायचे ते इतकेच की दोन्ही वेळा चर्चा झाली ती खेळाडूंच्या गुणांची. नियम कोणता लावला, आणि तो का बदलला, याची झाली नाही.

तिसरा मुद्दा: फिट म्हणजे कशासाठी फिट?

आता झहीर. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याची पहिली पाच षटके अशी होती: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. त्या स्पर्धेत २१ बळी घेऊन तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने अव्वल ठरला. चार महिनेही झाले नाहीत तोच, जुलैत लॉर्ड्सच्या कसोटीत १३.३ षटके टाकून, दोन बळी घेऊन, मांडीमागचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला. भारत ती मालिका ४-० ने हरला. एप्रिलमधला नायक जुलैमध्ये ‘पोट सुटलेला’, ‘आयपीएलसाठीच राखून ठेवलेला’ झाला. शरीर तेच, टीकाकारही बहुतेक तेच.

त्याआधीचा इतिहास पाहा. २००५ च्या सुमारास संघातून बाहेर पडलेला झहीर २००६ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशायर कौंटीकडे गेला. तिथे त्याने आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी केली, रनअप आखूड केला, हंगामात ७८ बळी घेतले. म्हणजे विश्रांतीने नव्हे, तर नियमित कामाने तो तयार झाला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर सामन्यात नऊ बळी घेऊन त्याने इंग्लंडमधली मालिका जिंकून दिली, त्यामागे तो हंगाम होता. २०१३ मध्ये पुन्हा बाहेर पडल्यावर त्याने युवराज सिंगसह फ्रान्समधल्या ब्रीव्ह गावी सहा आठवडे कसून व्यायाम केला. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून त्याने तीनशेवा कसोटी बळी मिळवला. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला, जिथे रहाणेचे पहिले शतक झाले त्याच सामन्यात, ब्रेंडन मॅक्युलम त्रिशतक करत असताना पस्तिशीतल्या झहीरने एका डावात ५१ षटके टाकली आणि १७० धावांत पाच बळी घेतले. ती त्याची शेवटची कसोटी. ‘अनफिट’ असा शिक्का बसलेल्या गोलंदाजाने निरोपाच्या डावात ३०६ चेंडू टाकले.

मग तो फिट होता की नव्हता? प्रश्नच अपुरा आहे. टी-ट्वेंटीत चार षटके, एकदिवसीय सामन्यात दहा, कसोटीत दिवसाला वीस-बावीस, आणि दोन सामन्यांमधले अंतर: या चार वेगवेगळ्या मागण्या आहेत. वेगवान गोलंदाजाचे स्नायू बहुधा फाटतात ते कामाचा भार एकदम चढवला जातो तेव्हा. अनेक आठवडे चार-चार षटके टाकणाऱ्याला एका सकाळी लॉर्ड्सवर लांबलचक स्पेल टाकायला लावणे हा वेळापत्रकाचा निर्णय असतो. त्यात खेळाडूचा दोष अजिबात नसतो असे नाही. झहीरने २०११ आधी वजनाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण शिक्का एकट्यावर बसला.

फिटनेस मोजण्यासाठी २०१७ पासून भारतीय संघात यो-यो चाचणी आली. ठरावीक अंतर वाढत्या वेगाने पळायचे, तेव्हा किमान १६.१ गुण मिळवावे लागत. जून २०१८ मध्ये मोहम्मद शमी ही चाचणी नापास झाला आणि अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीतून वगळला गेला. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये त्याने १६ बळी घेतले. चाचणीचे समर्थक म्हणतील, नापास झाल्यामुळेच तो सुधारला. विरोधक म्हणतील, चाचणीचा गोलंदाजीशी संबंध नाही. दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे असू शकते, आणि नेमके हेच सांगते की एका आकड्यावरून हो-नाही ठरवता येत नाही. सर्फराज खानच्या बाबतीत तर आकड्याचीही गरज पडली नाही. अंगकाठी पाहूनच लोकांनी निकाल दिला. रणजीत धावांचे डोंगर रचूनही तो वर्षानुवर्षे थांबला. त्याच्या बाजूने सुनील गावसकरांना जाहीरपणे बोलावे लागले. फलंदाजाचे काम उभे राहून धावा काढणे आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा करताना ते त्याच शरीराने झाले.

पुण्याच्या केदार जाधवचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. २०१८ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात मांडीचा स्नायू दुखावल्याने तो मैदान सोडून गेला, पुन्हा लंगडत आला आणि शेवटच्या चेंडूवर सामना संपवून गेला. त्या रात्री तो मर्द मराठा होता. पुढे तेच दुखणे त्याच्या निवडीआड आले. जखमी असताना खेळला तर शूर, आणि जखमी म्हणून निवडला नाही तर कच्चा, असे दोन्हीकडून बोलण्याची मुभा आपण स्वतःला घेतो. आपले हे शौर्यप्रेम खेळाडूच्या शरीरासाठी धोक्याचे आहे, असे मला वाटते.

आक्षेप

पहिला आक्षेप: चाहते गंमत म्हणून बोलतात, त्यांच्या बोलण्याला इतके कशाला तोलायचे? पारावरच्या गप्पांनी संघ निवडला जात नाही, हे खरे. पण समालोचक, स्तंभलेखक आणि तालुक्याच्या मैदानावरचे प्रशिक्षक यांची भाषा याच गप्पांतून तयार होते. ‘हा सलामीचा नाही’, ‘याच्यात दम नाही’ ही वाक्ये पुढे चौदा वर्षांच्या मुलांना ऐकवली जातात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जागा आणि फिटनेस सापेक्ष मानले तर निवडीला मापच उरणार नाही, आणि वशिलेबाजीला रान मोकळे होईल. माझे उत्तर असे की सापेक्ष म्हणजे मोजता न येणारे नव्हे. उलट जास्त काटेकोर मोजावे लागते. ‘चौथ्या क्रमांकावर अपयशी’ म्हणण्याआधी त्या क्रमांकावर सलग किती डाव दिले, कोणत्या खेळपट्ट्यांवर, डावाच्या कोणत्या षटकात तो आत गेला, हे सांगितले पाहिजे. ‘अनफिट’ म्हणण्याआधी कोणत्या कामासाठी, आणि आधीच्या सहा आठवड्यांत त्याने किती षटके टाकली, हे सांगितले पाहिजे. वशिला चालतो तो मोघम शब्दांच्या आडोशाने. अटी लिहून ठेवल्या तर त्याला जागा कमी उरते.

तिसरा आक्षेप: शेवटी कामगिरीच बोलते, रहाणेचा एकदिवसीय स्ट्राइक रेट ७८ होता आणि काळ पुढे गेला. आकडा बरोबर आहे. पण याच रहाणेला २०२३ च्या आयपीएलमध्ये चेन्नईने ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतले, मोकळेपणाने खेळायला सोडले, आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्याने १७२ च्या स्ट्राइक रेटने ३२६ धावा केल्या. त्याच बळावर तो जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी परत आला आणि ओव्हलवर ८९ आणि ४६ धावा करून गेला. पुढच्या वर्षी मुश्ताक अली करंडकात मुंबईकडून सलामीला येत त्याने ४६९ धावा काढल्या, स्पर्धेत सर्वाधिक. कामगिरी बोलते हे मान्य, पण तिला आधी कोणते काम सांगितले होते, तेही ऐकावे लागते.

मैदानावर काय करता येईल

दिल्ली-मुंबईच्या निवड समित्या आपले ऐकणार नाहीत. श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, नगर इथल्या मैदानांवर शिकवणारे आणि जिल्ह्याचे वयोगटातले संघ निवडणारे ऐकू शकतात. त्यांना विनंती आहे: सोळा वर्षांखालच्या मुलाचा क्रमांक कायमचा ठरवू नका, हंगामात किमान दोन वेगळ्या जागी त्याला सलग डाव द्या आणि ते वहीत नोंदवा. गोलंदाज मुलाने नेट्समध्ये आणि सामन्यांत आठवड्याला किती षटके टाकली, याची नोंद ठेवा. जोराच्या हंगामात ती एकदम दुप्पट होऊ देऊ नका. आणि एखाद्याला वगळताना त्याला तोंडावर सांगा की कोणत्या जागी, किती संधी दिल्या होत्या आणि कोणते काम झाले नाही. एवढे सांगता येत नसेल, तर त्या मुलाला आणखी दोन सामने खेळवा.